दिव्यातून धाडलेलं आमंत्रण

आमच्या साडूंनी प्रकाशावर जेवढा विश्वास टाकला, तेवढा सूर्यानेसुद्धा स्वतःवर कधी टाकला नसेल. माणसांवर, सरकारवर, हवामानाच्या अंदाजावर आणि विशेषतः माझ्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पण दिवा दिसला की माणूस विरघळायचा. रस्त्यावरच्या खांबाचा दिवा असो, देवापुढची समई असो, नाहीतर पानवाल्याच्या टपरीवरचा लाल झिरो बल्ब असो, ते त्याच्याकडे असे बघत उभे राहायचे, की जणू तो आत्ता काहीतरी सांगणार आहे आणि ते यांनाच तेवढं कळणार आहे. पुढे त्यांनी दिव्याला खरोखरच बोलायला लावलं. तो बोलला ते ऐकायला माझ्याइतका नालायक माणूस त्यांना मिळाला, हे त्यांचं दुर्दैव.

साडू हे नातं मोठं मजेशीर आहे. दोन परके पुरुष एकाच घरच्या मुली करतात, आणि तेवढ्या एका अपराधावर त्यांना जन्मभर एका बाकावर बसवलं जातं. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमची ताई, साडूंच्या घरात. धाकटी, जिला माहेरी सगळे बेबी म्हणायचे आणि जिच्यापुढे मी अजूनही फार बोलत नाही, ती माझ्या घरात. मुलुंडला, पूर्वेच्या अंगाला, जिथून पुढे मिठागरं सुरू व्हायची तिथे आमच्या दोन इमारती समोरासमोर उभ्या होत्या. मध्ये एक मोकळा प्लॉट. तिसऱ्या मजल्यावर त्यांची गॅलरी, तिसऱ्या मजल्यावर आमची. दोघी बहिणींना भाऊ नव्हता, वडील कधीच गेले होते, आणि मी सांगतोय त्या गोष्टीच्या आदल्या साली आईही गेली. तेव्हापासून बायकोला माहेर असं उरलं होतं ते प्लॉटच्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण तेव्हा आम्हां दोघा पुरुषांच्या ते लक्षात आलं नव्हतं.

साडूभाऊ अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, लाउडस्पीकरचे अॅम्प्लिफायर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात होते. मूळचे सावंतवाडीकडचे, वडील गिरणीत. एरवी बोलणं आमच्यासारखंच, पण आनंद झाला की जीभ आपोआप कोकणात उतरायची. त्यांच्या खिशातून सुटे पैसे कधी निघाले नाहीत. निघायचे ते रेझिस्टर, वायरचे तुकडे आणि डागकामाचं शिसं. घरात जागा मिळेल तिथे ते या चिजा ठेवायचे. एकदा ताईच्या मिसळणाच्या डब्यात, मोहरीच्या शेजारच्या वाटीत, त्यांनी बारके बारके रेझिस्टर ठेवले. ताईने ते फोडणीत टाकले. तडतडेनात, तेव्हा जिरं जुनं दिलं म्हणून ती वाण्याशी भांडून आली. साडूभाऊंनी आमटी गाळून रेझिस्टर परत मिळवले, धुतले, तपासले आणि त्यातले बहुतेक अजून चांगले आहेत असं सगळ्यांना आनंदाने सांगितलं. ताई त्या दिवशी जेवली नाही.

त्या काळात टेलिफोनसाठी अर्ज करणं म्हणजे पुढच्या पिढीची सोय करून ठेवण्यासारखं होतं. आम्ही दोघांनीही अर्ज केले होते आणि विसरूनही गेलो होतो. साडूभाऊ मात्र विसरणाऱ्यांतले नव्हते. प्लॉटवरून वायर ओढावी तर पालिका आडवी येणार, बिनतारी यंत्र लावावं तर परवाना लागणार. एका रविवारी आमच्याकडे पोहे खाता खाता ते एकदम थांबले, खिडकीतून स्वतःच्या गॅलरीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "प्रकाशाला लायसन लागत नाही. उद्या लागेलही. तोवर आपण बोलून घेऊ." मी बी.ए. झालेला, तोही मराठी घेऊन. माझं विज्ञान फ्यूज उडाला की शेजाऱ्याला हाक मारण्यापाशी संपतं. मी मान डोलावली. मान डोलावण्याच्या या सवयीने आयुष्यात माझी जेवढी वाट लावली, तेवढी कुठल्याही व्यसनाने लावली नसती.

यंत्र त्यांनी मला समजावून सांगितलं आणि मला ते समजलं, यातच त्यांची थोरवी आली. त्यांच्या गॅलरीत एक माइक, माइकमागे अॅम्प्लिफायर आणि त्याला जोडलेला टॉर्चचा बल्ब. माणूस बोलेल तसा बल्बचा उजेड थरथरतो. ती थरथर आपल्या डोळ्यांना दिसत नाही. पण आमच्या खिडकीत ठेवलेल्या खोक्यात एक सोलर सेल होता, त्याला ती दिसायची, आणि खोक्यातला स्पीकर तिचा पुन्हा आवाज करायचा. उजेड फाकू नये म्हणून बल्बपुढे एक भिंग लागायचं. ते माझ्या वडिलांचं पंचांग वाचायचं भिंग होतं. "जरा दे" म्हणून नेलं ते मी पुन्हा हातात धरलं नाही. सोलर सेल मात्र त्यांना परदेशी जाऊन आलेल्या एका मित्राने एकच दिला होता. त्यामुळे बोलायचं टोक त्यांच्याकडे आणि ऐकायचं टोक माझ्याकडे. असं वाटप का, म्हणून मी भीत भीत विचारलं, तर म्हणाले, "तुला सवय आहे." यावर बायको स्वयंपाकघरात हसली ते मला ऐकू आलं.

पहिल्या संध्याकाळी खोक्यातून आधी नुसती गुणगुण आली आणि मग, रांजणात तोंड घालून कुणी बोलावं तसा साडूभाऊंचा आवाज. त्यांनी हवेबद्दल सांगितलं, ताईने घावणे केल्याचं सांगितलं, आणि शेवटी आनंद मावेना म्हणून मालवणीत विचारलं, "ऐकाक येता मां?" मी जागच्या जागी "हो, हो" म्हणून ओरडलो. बायको म्हणाली, कुणाला सांगताय? खरंच की. मला उत्तर देता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध केंद्राच्या रांगेत त्यांनी माझा जबाब घेतला: काय ऐकू आलं, किती आलं, कुठे तुटलं. पुढे तोच रिवाज पडला. रोज तिन्हीसांजेला ते बोलायचे, शेवटी "ऐकाक येता मां?" विचारायचे, आणि उत्तर त्यांना दुसऱ्या दिवशी दुधाच्या पिशव्यांबरोबर मिळायचं. विजेच्या वेगाने निघालेलं बोलणं आणि चपला फरफटत निघालेलं उत्तर, असा तो व्यवहार होता.

त्या उजेडाचे गुण ते तासन्‌तास सांगायचे. हे बोलणं चोरून ऐकता येत नाही, कारण ऐकायचं तर मध्ये हवेत लटकावं लागेल. याला आकाशवाणी आडवी येत नाही, गडगडाट आडवा येत नाही. आणि एक दिवस, ते म्हणायचे, एका दिव्यातून अख्खं ग्रंथालय पलीकडे जाईल, सिनेमे जातील, बँकेचे हिशेब जातील, आणि माणसं तेव्हाही विचारतील, जेवलास का म्हणून. अवगुण मात्र मला स्वतःच शोधावे लागले, कारण ते माझ्याच टोकाला दिसायचे. दिवसा उन्हाने सेल आंधळा व्हायचा, म्हणून दिवस मावळेपर्यंत थांबायचं. खालच्या मजल्यावरची ट्यूबलाइट लागली की खोक्यात गांधीलमाशा शिरल्यासारखा आवाज व्हायचा. साडूभाऊ घरोघर जाऊन ट्यूब घालवायची विनंती करून आले. खालच्या काकूंनी त्यांना चहा दिला, सगळं नीट ऐकून घेतलं आणि आणखी एक ट्यूब बसवली. बायकोने खोक्यावरून फडकं फिरवलं की खोकं बोटभर सरकायचं आणि साडूभाऊ आमच्याऐवजी शेजारच्यांच्या भिंतीला घावण्यांची हकिकत सांगायचे. या सगळ्यांवर कडी म्हणजे, मध्ये काही आलं की संपलं. पतंग आला, गेलं. धूर आला, गेलं. म्हणून आमच्या गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या दोरीचा मधला भाग साडूभाऊंनी कायमचा वर्ज्य ठरवला होता. बायकोने तो नियम पाळला, एक दिवस सोडून.

संक्रांत झाली होती. ताईचं हळदीकुंकू ठरलं. आई गेल्यानंतरचं हे पहिलंच. आदल्या दिवशी ताई बिल्डिंगमागून बिल्डिंग पायऱ्या चढत, करंडा घेऊन घरोघर आमंत्रणं देत फिरली. बेबीकडे सगळ्यांत शेवटी जायचं, निवांत बसायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. पण शेवटाला येईपर्यंत तिच्या पायांचे तुकडे पडले होते. घरी येऊन ती जरा टेकली, आणि साडूभाऊंच्या अंगात औदार्य संचारलं. "तू कशाला उठतेस? मी इथून सांगतो," ते म्हणाले. ताईला ते बरं दिसेना, सख्खी झाली म्हणून काय झालं, कुंकू लावून बोलवायचं असतं. पण पाय बोलत होते. तिने मान डोलावली. त्या घरातही ती सवय होती.

साडूभाऊंनी आमंत्रण दिलं. पुढे कळलं, की फार सुरेख दिलं होतं. तिळगूळ, आईची आठवण, सगळं त्यात होतं. आणि त्याच दिवशी पाहुणे येऊन गेले म्हणून बायकोने सोलापुरी चादर धुतली होती. सोलापुरी चादर एका दिवसात वाळत नाही. ती दोरीवर मधोमध, जडशीळ, लोंबत होती. अंधार पडला होता, आणि दिव्यामागे उभ्या असलेल्या माणसाला दिव्यापुढचं दिसत नाही. चादरीच्या अलीकडे मी खोक्याला कान लावून शिस्तीत बसलो होतो. खोकं गप्प होतं. डोळ्यासमोर दाराएवढी चादर लटकतेय, तिच्या पलीकडे कुणी बोलत असेल, असं मला वाटायला हवं होतं. मला वाटलं, आज साडूभाऊंचा घसा बसला असेल. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. मी पेपर वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडूभाऊ दुधाच्या रांगेत दिसलेच नाहीत; हळदीकुंकवाच्या तयारीत अडकले होते, हे मागाहून कळलं.

हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी खालच्या काकू चहाची नवी गाळणी मिरवत वर आल्या. म्हणाल्या, "तुमच्या ताईंनी वाण दिलं. तुम्ही दिसला नाहीत?" बायकोचा चेहरा मी पाहिला. साडूभाऊ सकाळी दुधाच्या रांगेत भेटले होते, तेव्हा तर माझ्यावर गुरगुरत होते, की एवढं बोलावून बेबी आली का नाही; कुठलं बोलावणं, ते माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मग मी साडूभाऊंना गाठलं, चादरीचा आम्हां दोघांना उलगडा झाला, आणि आम्ही मूर्खासारखे खूश झालो. कारण कळलं म्हणजे मिटलंच, असं पुरुषांना वाटतं. आम्ही आपापल्या घरी जाऊन खरं ते सांगून टाकलं. बायको म्हणाली, दिव्यातून? सगळ्या मुलुंडच्या बायकांना कुंकू लावून, आणि मला दिव्यातून? चार जिने उतरवेनात? पलीकडे ताई म्हणाली, चादर बरी त्याच दिवशी धुवावीशी वाटली. त्यानंतर दोघी बोलेनाशा झाल्या. एकीचं म्हणणं, मी थोरली, मी का जाऊ. दुसरीचं म्हणणं, बोलावल्याशिवाय मी जाणार नाही. दोघींना गॅलरीतून एकमेकी दिसायच्या आणि दोघी कपडे वाळत घालताना मिठागरांकडे तोंड करून उभ्या राहायच्या.

घरात शुकशुकाट झाला. बायको रागावली की बोलते, भांडी आपटते, ते मला चालतं. या वेळी ती भांडी हळू ठेवायला लागली. एकदा कुकरसमोर उभी राहून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई गेली तेव्हा मला वाटलं होतं, ताई आहे." मी कुकरची शिटी झाल्यावर गॅस बारीक केला.

हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. ती उलटली की त्या सालचं राहिलं ते राहिलंच, आणि मग ही गोष्ट वर्षभर मुरणार, हे साडूभाऊंनाही कळत होतं. त्यांनी तोवर कधी म्हणून प्रकाशाची चूक कबूल केली नव्हती. रांगेत माझ्या शेजारी उभे राहून ते खालच्या आवाजात म्हणाले, "अरे, पोचलं की नाही ते मला इथे कळतच नाही. हीच खोट आहे त्यात." बाप गेल्याचं सांगावं तसे म्हणाले. मी सुचवलं, ताईला हात धरून घेऊन या. ते म्हणाले, हात धरू देत नाही. पण रथसप्तमीच्या दिवशी संध्याकाळी त्यांनी ताईला माइकसमोर बसवलं. कशाने तयार केलं, तर एकाच वाक्याने: तू बोलशील, आणि तिला उलट बोलता येणार नाही. असा मोका थोरल्या बहिणीला जन्मात मिळत नाही.

मी खोक्याचा आवाज मोठा केला. बायको भाजी निवडत होती. "बेबी, मी बोलतेय," खोकं म्हणालं, "आणि तू मध्ये बोलू शकत नाहीस, हे फार छान आहे." मग ताई सुरू झाली. परकराच्या वाटणीपासून सुरू झाली. शाळेत हिच्यासाठी खाल्लेला मार, हिने हरवलेली छत्री, हिच्या लग्नात आपण उपाशी राहून वाढलेल्या पंगती. बायको ताडकन उठली. म्हणाली, याला उत्तर कसं द्यायचं? मी म्हटलं, देता येत नाही. "मग हे यंत्र कसलं? ही तर ताईच आहे," असं म्हणून तिने कपाटातून तीच सोलापुरी चादर ओढली आणि ती गॅलरीत गेली. मला कळलं, की आता ती चादर दोरीवर टाकणार, आणि मग या दोघींचं मला माझ्या हयातीत काही ऐकायला मिळणार नाही. माझं धाडस एवढंच, की मी खुर्चीतून अर्धा उठलो.

मग ताईचा आवाज आला तो बारीक होऊन आला. "आईची कोयरी मी काढलीच नाही गं. आई होती तेव्हा दारात कोयरी घेऊन तूच उभी राहायचीस. या वेळी बायकांना मी साध्या वाटीतून कुंकू लावलं. सगळ्या विचारत होत्या, बहीण कुठाय. मी दाराकडे बघत होते. तुझी गाळणी फळीवर ठेवलीय. रंगीत संपत आल्या होत्या, तुला निळी ठेवलीय."

बायको चादर हातावर घेऊन तशीच उभी होती. मग तिने ती माझ्या खांद्यावर टाकली आणि घरातल्या साडीत, पायात माझ्याच चपला अडकवून जिना उतरून गेली. मी काय करणार? मी खोक्यापाशी बसून राहिलो. पलीकडे ताई अजून बोलतच होती, समोर बेबी नाही हे तिला माहीत नव्हतं. मग खोक्यात दाराची बेल वाजली. चपलांचा आवाज आला. त्यानंतर बराच वेळ बोलणं असं काही आलं नाही. रडणं आलं, ते रांजणातल्यासारखंच, आणि दोघींपैकी कुणाचं ते मला ओळखता आलं नाही. मीही चादरीला डोळे पुसले, ती जाड असल्यामुळे ते टोचले. मग दोघींना एकदम आठवलं, की या सगळ्याचं मूळ तिसराच माणूस आहे. त्यांनी साडूभाऊंना धारेवर धरलं, मग माझा नंबर आला, आणि मी माझ्या घरात बसून माझी अब्रू स्वच्छ आवाजात ऐकली. शेवटी माइकजवळ येऊन साडूभाऊंनी हळूच विचारलं, "ऐकाक येता मां?" मी नेहमीसारखी अंधारात मान डोलावली.

पुढे त्या प्लॉटवर इमारत आली. फोनही आले, दोन्ही घरांत. साडूभाऊ गेले त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. मध्यंतरी पेपरात आलं, की आता घरातल्या दिव्यातून संगणकाला सगळी माहिती पोचवता येते, भिंतीपलीकडे मात्र जात नाही. मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, भाऊजींनी केव्हाच सांगितलं होतं. कोयरी आमच्याकडे असते. संक्रांतीला ती घेऊन बायको ताईच्या दारात जाऊन उभी राहते. आमंत्रण द्यायला ताई स्वतः येते, काठी टेकत, आणि येऊन तासभर मला नावं ठेवते.

पण मला आठवते ती शेवटची संध्याकाळ. इमारत मजल्या-मजल्याने वर येत होती आणि साडूभाऊ तिच्याकडे असे बघायचे, जसा कुणी पुराचं पाणी चढताना बघतो. आमच्या तिसऱ्या मजल्याच्या उंचीला फळ्या आणि सळ्या लागल्या. त्यांतून एक फट तेवढी उरली होती. दुसऱ्या दिवशी तीही बुजणार होती. त्या फटीतून ते बोलले. नेहमीचंच. हवा, ताईचा गुडघा, घावणे. आणि मग तेच, "ऐकाक येता मां?" का कोण जाणे, पण त्या दिवशी मला नुसती मान हलवणं जमेना. माझ्या डाव्या हाताशी, इतकी वर्षं, गॅलरीच्या बल्बचं साधं बटण होतं. कुणाही पोराला सुचलं असतं. मी ते खाली-वर केलं. बल्ब गेला, आला. पुन्हा गेला, पुन्हा आला.

खोक्यात नुसती खालच्या काकूंची ट्यूब गुणगुणत होती. मग साडूभाऊंचा आवाज आला.

"अरे मेल्या," ते म्हणाले, "ह्यां आधी कित्याक नाय सांगलंस?" आणि मग, "आता तू बोल. मी बघतंय."

मी बटण खाली-वर करत राहिलो. काय सांगत होतो कोण जाणे. पण त्यांनी दिवा घालवला नाही, आणि मीही, आमचा बल्ब उडेपर्यंत, बोलत राहिलो.